बडोद्यात जुनी सीएनजी गाडी घेताय? आधी सिलेंडरची तारीख बघा

गेल्या वर्षी जुनी सीएनजी हॅचबॅक घेतली तेव्हा टायर, एसी, क्लच, डेंट सगळं बघितलं, फक्त सिलेंडरच्या टेस्टची तारीख बघायची राहिली. घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी हलोलला ड्युटीवर निघालो, गॅसच्या लाइनीत वीस मिनिटं उभा राहिलो, नंबर आला, पंपावरच्या मुलाने बॉनेट उघडायला लावलं, टेस्टची तारीख असलेली आतली छोटी प्लेट अंगठ्याने पुसली, मोबाइलचा टॉर्च मारला आणि म्हणाला, "भाई, तारीख पती गई छे," म्हणजे तारीख संपली. गॅस न भरताच नळी परत हुकला अडकवली. मागचे हॉर्न मारायला लागले. त्यानंतर तीन आठवडे गाडी पेट्रोलवर चालवली. आता आत्येभाऊ गाडी बघतोय, म्हणून त्याच्यासाठी आणि बाकीच्यांसाठीही सगळं एकदाच लिहून ठेवतो.

पहिलं म्हणजे गाडी बघायला जायच्या आधी घरी बसून आपलं महिन्याचं रनिंग काढा, अंदाजे नाही, खरंच मोजा. माझं हलोल येऊन-जाऊन रोजचं 80 किलोमीटर आहे. हिशोबाला पेट्रोल 95 रुपये लिटर आणि गॅस 80 रुपये किलो धरा, भाव बदलला की आकडा बदला. छोटी गाडी गावात पेट्रोलवर 16 देते म्हणजे किलोमीटरला सहा रुपयाच्या जवळ, गॅसवर किलोला 24 देते म्हणजे सव्वातीन-साडेतीन. किलोमीटरमागे अडीच रुपये वाचतात. महिन्याला 2000 किलोमीटर असतील तर पाच हजार सुटतात, पण मांजलपूर ते रावपुरा एवढंच फिरायचं असेल आणि महिन्याचे 400 पण होत नसतील तर वाचणार हजार रुपये, त्यासाठी डिकी घालवायची आणि लाइनीत उभं राहायचं, मग साधी पेट्रोल घ्या. पेट्रोल गाडी एप्रिल 2023 च्या आधीची असेल तर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, चालतं का ते मॅन्युअलमध्ये बघा, मायलेज थोडं कमीच धरा. डिझेल गावातल्या गावात फिरणाऱ्याने घेऊच नये. बीएस6 म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या डिझेल गाडीत काजळी पकडणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी हायवेवर नीट गरम होऊन चालावी लागते, रोज पाच-सात किलोमीटर चालवली तर तो चोंदतो आणि त्याचा खर्च वर्षाची बचत खाऊन जातो.

आता सिलेंडर. सीएनजीच्या सिलेंडरची दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते. गॅस 200 बारच्या प्रेशरने भरतात, टेस्टमध्ये सिलेंडरमध्ये पाणी भरून त्याहून बरंच जास्त प्रेशर देऊन बघतात, म्हणून हा नुसता कागदाचा सोपस्कार नाही, मागच्या सीटवर आपली पोरं बसतात. मालकाकडे टेस्टचं सर्टिफिकेट मागा. फोटो नको, कागद. मग डिकीतलं कार्पेट उचला, फडकं घेऊन सिलेंडरच्या गळ्यापाशी पुसा, तिथे नंबर कोरलेला असतो, तो आणि सर्टिफिकेटवरचा नंबर एक-एक आकडा जुळवा. मग प्लेटवरची तारीख बघा. प्लेट बहुतेक बॉनेटखाली नाहीतर पेट्रोलच्या झाकणापाशी असते. मालक म्हणेल "होऊन जाईल, दोन दिवसांचं काम आहे." ऐकू नका. मला पण हेच सांगितलं होतं. सिलेंडर उतरवायचा, मान्यता असलेल्या सेंटरला पाठवायचा, नंबर लागायचा, परत बसवून लीकेज बघायचं, यात माझे तीन आठवडे गेले आणि पेट्रोलचे पावणेचार हजार जास्तीचे गेले, टेस्टचे पैसे वेगळे. तारीख संपलेली किंवा संपत आलेली असेल तर टेस्ट मालकाने करून द्यायची, नाहीतर किमतीतून कापायचं, टोकन द्यायच्या आधी.

सीएनजीचं किट कंपनीचं नसून बाहेरून बसवलेलं असेल तर आरसी बुकात इंधनाच्या जागी पेट्रोल आणि सीएनजी दोन्ही लिहिलेलं पाहिजे, आणि इन्शुरन्समध्ये किट वेगळं दाखवलेलं पाहिजे. नसेल तर क्लेमच्या वेळी भांडत बसाल. इन्शुरन्सवरून आठवलं, मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळालेली सूट, आपल्याला मिळत नाही, पॉलिसी नावावर करताना फरक भरावा लागतो, तो बजेटमध्ये धरा. पॉलिसी नावावर करायचा अर्ज 14 दिवसांत द्या.

बडोद्यात अजून एक बघावंच लागतं, पाणी. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीच्या पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या, आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाची रेघ दिसते. सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेत का बघा, कार्पेटखाली हात घाला, वास घ्या. शंका आली तर सोडा, वायरिंगचा त्रास वर्षभर संपत नाही.

सकाळी थंड इंजिनावर स्टार्ट करा, पेट्रोलवर आणि गॅसवर दोन्ही चालवा. बरेच जण पेट्रोलची टाकी कायम रिकामी ठेवतात, त्याने फ्युएल पंप जातो. टायरवरच्या चार आकड्यांतले शेवटचे दोन म्हणजे टायर बनल्याचं साल. मागचं सस्पेन्शन बघा, सिलेंडरचं वजन कायम त्याच्यावर असतं.

कागद: गाडी नावावर करायचे फॉर्म 29, 30, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि लोनची नोंद काढायचा फॉर्म 35, ई-चलन, पीयूसी, जुना फास्टॅग बंद. दरजीपुरा आरटीओला मालकाला सोबत न्या. 15 वर्षं होत आली असतील तर आरसी रिन्यूचा खर्च धरा.

पहिल्या महिन्यात ऑइल, एअर फिल्टर, प्लग बदलून टाका. आणि सिलेंडरची पुढची तारीख त्याच दिवशी मोबाइलमध्ये टाका, रिमाइंडर दोन महिने आधीचा लावा, आणि टेस्टला जाताना गॅस संपवून जा.