दुपारची डुलकी: आधी चहा, मग झोप

तांबडा-पांढरा ओरपून लक्ष्मीपुरीतल्या दुकानात परत येऊन बसलं की दोनच्या सुमारास डोळे मिटायलाच लागतात. तासभर ताणून दिली तर उठल्यावर डोकं जड आणि रात्रीच्या झोपेचं खोबरं. त्यावर हा उपाय, जरा उलटा वाटेल:

१. आडवं होण्याआधी कपभर चहा किंवा कॉफी पटकन संपवा. कॅफिनचा असर व्हायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणजे उठायच्या वेळेलाच तरतरी येते. पित्ताचा त्रास असेल तर चहा सोडा, नुसती डुलकीही चालते.

२. मोबाईलवर २० मिनिटांचा गजर लावा आणि फोन हात पोचणार नाही असा ठेवा. उशाशी ठेवला की गजर बंद करून माणूस परत घोरतो.

३. लोडाला टेकून, डोळ्यांवर रुमाल टाकून पडा. गाढ झोप लागलीच पाहिजे असं नाही, नुसतं डोळे मिटून पडलं तरी बरं वाटतं.

४. गजर झाला की लगेच तोंडावर गार पाणी.

हे सगळं तीनच्या आत उरका. रात्री मुळातच झोप लागत नसेल, तर मात्र दुपारची डुलकी आणि दुपारचा चहा दोन्ही टाळा.