बायपोलरमधला उन्माद चढायच्या आत कसा ओळखावा

बायपोलर या मानसिक आजारात मूड कधी नैराश्यात खोल जातो, तर कधी उन्मादात, म्हणजे हाताबाहेरच्या उत्साहात किंवा चिडचिडीत, वर चढतो. या उन्मादाच्या सुरुवातीला माणसाला आजारी वाटतच नाही. उलट फार दिवसांनी मोकळं, हुशार वाटू लागतं. म्हणून ओळखण्याची तयारी बरं असतानाच करून ठेवायची.

आधी स्वतःची यादी करा. मागच्या वेळी उन्माद चढण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत काय बदललं होतं, ते घरातल्या विश्वासू माणसासोबत बसून लिहा. अर्ध्या गोष्टी त्यालाच आठवतील. ‘उत्साह वाढला’ असं मोघम नको. ‘रात्री २ वाजता कपाट आवरायला काढलं’, ‘समोरच्याला वाक्य पुरं करू देत नव्हतो’, असं लिहा. पुढच्या वेळीही बऱ्याचदा हीच लक्षणं दिसतात.

मग झोपेची वही. झोपल्याची आणि उठल्याची वेळ रोज टिपा, शेजारी मूडला -५ (अगदी खचलेला) ते +५ (अगदी चढलेला) मध्ये आकडा द्या. निद्रानाशात माणूस दुसऱ्या दिवशी गळून जातो. उन्माद चढताना मात्र ३-४ तास झोपूनही तो टवटवीत असतो. हा फरक सगळ्यात महत्त्वाचा. सलग दोन रात्री असं झालं तर डॉक्टरांना फोन करा, तिसरी रात्र बघत बसू नका. जागरण, बाळंतपण, स्टेरॉइडच्या गोळ्या यांनंतर तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा.

झोपेसोबत भरभर बोलणं, एकातून दुसरा विचार फुटत जाणं, अचानक मोठ्या योजना, सैल सुटलेला खर्च हेही पाहा. काहींना आनंद होतच नाही, नुसती चिडचिड होते. तिथेच घरचे फसतात.

लक्षण दिसलं की चहा-कॉफी आणि दारू थांबवा, संध्याकाळनंतर दिवे मंद करा, मोबाइल दूर ठेवा, बँकेचं कार्ड घरच्यांकडे द्या. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या सोडू नका. मनाने डोसही वाढवू नका. लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाचं प्रमाण रक्तात थोडं जास्त झालं तरी विषबाधा होऊ शकते. नैराश्यावरची गोळी चालू असेल तर फोनवर आवर्जून सांगा, तिनेही उन्माद भडकू शकतो.

घरच्यांनी वाद घालू नये. ‘तुझं डोकं फिरलंय’ म्हटलं की दार बंद. वही पुढे ठेवून म्हणा, “दोन रात्री तू चारच तास झोपली आहेस. ठरल्याप्रमाणे डॉक्टरांना फोन करू या.” भास, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा किंवा मारहाण दिसली तर फोनवर थांबू नका, थेट रुग्णालयात न्या आणि तोवर एकटं सोडू नका.