बँडवरची किशोर-कादंबरी: आधी सरावाची खोली लिहा

बडोद्यात गरब्याच्या ऑर्केस्ट्रात मी बारा वर्षं बेस गिटार वाजवली, आणि गेली तीन वर्षं एक किशोर-कादंबरी लिहितो आहे. दांडिया बाजारातली चार मुलं आणि त्यांचा बँड. पहिला खर्डा माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीने वाचला. ती स्वतः ड्रम वाजवते. कागद परत देताना म्हणाली, "मामा, ही मुलं स्टेजवर दिसतात, कॅन्टीनमध्ये दिसतात, भांडतात, प्रेमात पडतात. पण शिकतात कधी?" दोनशे पानं बाजूला ठेवून मी पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसलो. अशी कादंबरी तुम्हीही लिहायला घेतली असेल, तर माझी गेली तशी तुमचीही दोनशे पानं वाया जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

कागदावर गाणं ऐकू येत नाही. 'सुरांची बरसात झाली' असं लिहिलं तर वाचकाच्या कानात काहीच वाजत नाही. म्हणून हात लिहा. गिटारवरचा नवशिक्याचा एफ कॉर्ड घ्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांची एक पकड: तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबायची, मनगट दुखेपर्यंत दाबायची, आणि तरी दोन तारा मुक्याच राहतात. बोटांच्या टोकांना पोलादी तारांचे वळ पडतात, मग घट्टे पडतात, आणि आंघोळ करून लगेच वाजवायला बसलं की तेच घट्टे मऊ झालेले असतात. नव्या तारा ताणल्या जात राहतात, म्हणून सुरुवातीचे काही दिवस गिटार सारखी सुरातून उतरते. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी हौसेने तारा बदलणारा एक मुलगा कथेत ठेवा. संध्याकाळी काय घडेल ते शोधत बसावं लागणार नाही.

भांडणसुद्धा वाजवण्यातूनच काढा. नवशिका बँड हमखास धावतो, म्हणजे लय वाढवत जातो, आणि टाळ्या मिळायला लागल्या की आणखी धावतो. मिनिटाला 100 ठोक्यांच्या लयीत बसवलेलं चार मिनिटांचं गाणं 112 ने वाजलं, तर ते जवळजवळ 26 सेकंद आधी संपतं. गाणारीला मधे श्वास घ्यायला जागा उरत नाही, शेवटची ओळ तिच्या तोंडातच राहते. ती ड्रमवालीकडे वळून बघते. ड्रमवालीला वाटतं, आज आपण कमाल वाजवलं. मैत्री तुटण्याचं यापेक्षा खरं कारण मला अजून सापडलेलं नाही. पहिल्या खर्ड्यात मी ते काम एका प्रेमपत्राकडून करून घेतलं होतं. ते पत्र काढून टाकल्यावर कादंबरी सुधारली.

खोलीसुद्धा नीट लिहा. ड्रमसेटचा आवाज कमी करायला बटण नसतं. स्नेअरवर, म्हणजे त्यातल्या कडक आवाजाच्या ड्रमवर, पंचा टाकावा लागतो. माइक स्पीकरच्या समोर आला की शीळ घालतो. आणि मंद्र सूर भिंतीतून पार जातात, म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकूंना गाणं नीट ऐकू येत नाही, येतो तो बेस. त्या वर येऊन रागावतात ते नेमकं सगळ्यात गप्प मुलावर. बेस वाजवणाऱ्यावर मन लावून एक प्रकरण लिहा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

गोष्ट बडोद्यात घडत असेल तर तिच्या लयीत बडोदं यायला हवं. यूट्यूबवरून चारच्या मापात शिकलेली ड्रमवाली, आणि दर नवरात्रात हींच या गरब्याच्या तालावर वाढलेला गिटारवाला. हींच सहा मात्रांची, तिचा झोक आधी पायात येतो, मग मोजणीत. दोघं एकच गाणं मोजतात आणि प्रत्येकाची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, वेगळ्या जागी पडते. सयाजीराव महाराजांनी 1886 साली गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली. सूरसागर तलावाजवळची विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी तिचीच परंपरा सांगते. ही माहिती उताऱ्यासारखी देऊ नका. माझ्या गाणारीची आजी तिथे शिकलेली आहे. ती भाजी निवडता निवडता म्हणते, "गाणं कुठलंही गा, पण निषाद चढा लागतोय." नातीला ते झोंबतं, कारण आजीचं बरोबर असतं.

कथानकाला कॅलेंडर पुरतं. नवरात्र, दिवाळीची सुट्टी, उत्तरायण (आपली संक्रांत), मग बोर्डाची परीक्षा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम आहे. सणासाठी वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. तुमच्या मुलांचा नंबर पावणेदहाला लागला, तर त्यांच्याकडे तीनच गाणी आहेत. कुणाचं गाणं गाळायचं?

संवाद धुऊन-पुसून घेऊ नका. आमच्या पोरांच्या तोंडी घरात मराठी, जिन्यात गुजराती आणि गाण्यात हिंदी असते. "अरे, शुं थयुं तुला, वाजव ना!" हे वाक्य दांडिया बाजारात कुणाला खटकणार नाही.

गाण्याचे शब्द स्वतःचे लिहा. दुसऱ्याच्या ओळी छापायला परवानगी लागते, आणि तुमच्या मुलांचं गाणं मुलांसारखंच हवं. पूर्ण गाणं देऊ नका, चार ओळी पुरेत. त्या पहिल्यांदा अडखळत येऊ द्या, मग एक शब्द बदलून, आणि शेवटी वाचकाला पाठ झालेल्या असतील तेव्हा फक्त पहिला शब्द लिहा.

खर्डा पुरा झाला की वाजवणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला द्या, सोबत पेन्सिल द्या. कथा कशी वाटली ते विचारू नका. जिथे हात चुकीचा पडलाय तिथे खूण करायला सांगा. भाचीने माझ्या दुसऱ्या खर्ड्यावर एकतीस खुणा केल्या. त्यातल्या नऊ अजून दुरुस्त व्हायच्या आहेत.