एनएफएलमधला नवा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर: पहिल्या वर्षाची आखणी

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, आणि तिच्यात संघाचा बचाव आखणारा प्रशिक्षक म्हणजे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर. त्याची नेमणूक बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत होते. सप्टेंबरच्या पहिल्या सामन्यापर्यंत भरपूर वेळ आहे असं वाटतं, पण खेळाडू समोर असण्याचे दिवस मोजके असतात. एप्रिलमध्ये सुरू होणारा ऑफ-सीझन कार्यक्रम नऊ आठवड्यांचा असतो. त्यातले पहिले दोन आठवडे बैठका आणि व्यायाम यांतच जातात. पुढचे तीन आठवडे मैदानावर उतरता येतं, पण आक्रमण आणि बचाव यांना समोरासमोर उभं करता येत नाही. शेवटच्या चार आठवड्यांत 10 सराव आणि एक सक्तीचं छोटं शिबिर होतं, आणि त्यातही झटापटीला परवानगी नाही. त्यामुळे काय शिकवायचं याच्याआधी काय गाळायचं हे ठरवावं लागतं.

सुरुवात खेळाडूंच्या फिल्मपासून करावी, आपल्या प्लेबुकपासून (डावांच्या वहीपासून) नव्हे. गेल्या मोसमातला प्रत्येक स्नॅप (चेंडू मागे देऊन सुरू होणारा एकेक डाव) बघताना जुनी योजना बरोबर होती की चूक, हा विषय बाजूला ठेवावा. बघायचं ते इतकंच, की हा माणूस कोणतं काम थकल्यावरही नीट करतो. कॉर्नर (कडेचा बचावपटू) मागे सेफ्टीची (सर्वांत मागच्या बचावपटूची) मदत नसताना रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) रोखून ठेवू शकतो का? आतला टॅकल (बचावाच्या पहिल्या ओळीतला मधला खेळाडू) समोरच्या गार्डला (आक्रमणाच्या ओळीतल्या खेळाडूला) रोखून धरत त्याच्या दोन्ही बाजूंच्या गॅप (फटी) सांभाळतो, की एकाच गॅपमध्ये घुसण्यात त्याचा जोर आहे? हलक्या, चपळ लाईनमनना (पहिल्या ओळीतल्या खेळाडूंना) दोन गॅपचं काम देणं ही नव्या कोऑर्डिनेटरची नेहमीची चूक आहे. लाईनमन मागे रेटला जातो, ब्लॉकर (वाट अडवणारे आक्रमणाचे खेळाडू) मोकळे होऊन लाईनबॅकरवर (त्या ओळीमागच्या बचावपटूवर) चढतात आणि मधून धाव निघते. दोष मात्र लाईनबॅकरच्या माथी येतो.

माणूस चुकीच्या जागी खेळतोय का, हेही याच वेळी तपासावं. याचं अलीकडचं उत्तम उदाहरण फिलाडेल्फिया ईगल्सचं आहे. 2024 मध्ये विक फँजिओ तिथे कोऑर्डिनेटर म्हणून आले, आणि न्यू ऑर्लीन्स सेंट्स संघात मुख्यतः कडेचा लाईनबॅकर आणि स्पेशल टीम्समध्ये (किकच्या वेळच्या तुकड्यांत) राहिलेला झॅक बॉन त्याच वर्षी ईगल्सकडे आतला लाईनबॅकर म्हणून खेळला. मोसमाअखेर तो ऑल-प्रोच्या (लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीतल्या) पहिल्या संघात होता.

शब्दावलीचा प्रश्न लवकर मिटवावा. मागच्या वर्षीचे सात-आठ नियमित खेळाडू कायम असतील, तर त्यांचे शब्द एका प्रशिक्षकाने शिकावेत. आपले शब्द त्या सगळ्यांवर लादण्यापेक्षा ते सोपं पडतं.

किती शिकवायचं

पहिल्या टप्प्यात एक मूळ फ्रंट (पुढच्या खेळाडूंची मांडणी) आणि त्याचा एक बदल, तीन कव्हरेज, म्हणजे पास रोखण्याच्या पद्धती (कव्हर 3 म्हणजे खोल भाग तिघांत वाटणं, क्वार्टर्स म्हणजे चौघांत, आणि एका खोल सेफ्टीसह मॅन म्हणजे प्रत्येकाला एकेक माणूस) आणि दोन ब्लिट्झ (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर नेहमीच्या चौघांपेक्षा जास्त जण सोडणं) पुरेसे आहेत. हे थोडं वाटेल. पण प्रत्येक कव्हरेजबरोबर त्याची उत्तरंही शिकवावी लागतात: एका बाजूला तीन रिसीव्हर आले तर काय, तिघे गुच्छ करून उभे राहिले तर काय, रिसीव्हर मोशनमध्ये (स्नॅपआधी धावत) पलीकडे गेला तर कोण त्याच्यामागे जाणार आणि कोण सरकणार, क्वार्टरबॅकशेजारी रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) नसेल तर काय. क्वार्टर्समध्ये तीन रिसीव्हरच्या बाजूचा सर्वांत आतला रिसीव्हर सरळ खोल धावला, आणि सेफ्टीला वाटलं तो लाईनबॅकरचा, लाईनबॅकरला वाटलं तो सेफ्टीचा, तर समोरच्यांचा टचडाऊनच, म्हणजे गुण. हे उत्तर पाठ नसेल तर ते कव्हरेज शिकवून झालेलं नाही असं धरावं आणि यादीतून काढावं.

थोडक्या साहित्यातही विविधता दाखवता येते. स्नॅपआधी दोन्ही सेफ्टी नेहमी खोल, सारख्याच अंतरावर मागे उभे करावेत आणि स्नॅपबरोबर एकाला पुढे आणावं किंवा मध्यात फिरवावं. क्वार्टरबॅकला आधी दिसतं ते चित्र आणि नंतरचं कव्हरेज यांचा मेळ बसत नाही, आणि आपल्या खेळाडूंना मात्र नवं काहीच शिकावं लागत नाही. फिरण्याची घाई ही यातली चूक. सेफ्टी लवकर हलला तर क्वार्टरबॅकला उत्तर फुकट मिळतं.

टॅकलिंग (चेंडूवाल्याला धरून पाडणं) ऑगस्टमध्येच घोटून घ्यावं. 17 सामन्यांच्या मोसमात पॅड घालून फक्त 14 सराव करता येतात, त्यातले 11 पहिल्या 11 आठवड्यांत. ऑक्टोबरमध्ये टॅकल सुटू लागले तर दुरुस्तीला जागा उरत नाही. जमिनीवर न पाडता, धडकेपर्यंतचा कोन आणि पावलं यांवर रोज दहा मिनिटं द्यावीत.

40 सेकंदांचं घड्याळ

सर्वांत जास्त तयारी इथे लागते, आणि सर्वांत कमी इथेच होते. एक प्ले (डाव) संपला की 40 सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. बचावाच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो (2008 पासून), त्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो. घड्याळात 15 सेकंद उरले की किंवा स्नॅप झाला की रेडिओ बंद होतो. म्हणजे फार तर 25 सेकंद मिळतात, आणि प्रतिस्पर्ध्याने कोण खेळाडू आत पाठवले हे कळेपर्यंत त्यातले बरेच निघून जातात.

क्रम ठरलेला असावा. वरच्या बूथमधून सामना बघणारा प्रशिक्षक आधी फक्त आकडा सांगतो. "अकरा" म्हणजे एक रनिंग बॅक, एक टाईट एंड (ब्लॉकही करणारा आणि पासही झेलणारा), अर्थात तीन रिसीव्हर. लगेच कोऑर्डिनेटर पॅकेज सांगतो, समजा निकेल, म्हणजे पाच डिफेन्सिव्ह बॅक (कॉर्नर आणि सेफ्टी मिळून). कडेला उभा प्रशिक्षक खेळाडू आत-बाहेर करतो. मग रेडिओवर फ्रंट, दबाव आणि कव्हरेज, याच क्रमाने, एकदाच. "गेल्या वेळी तू उशीर केलास" असली वाक्यं या सेकंदांत बोलू नयेत.

आक्रमणाने खेळाडू बदलले तर पंच बचावालाही बदलायला वेळ देतात. त्यांनी बदलले नाहीत तर आपणही बदलू नये. नाहीतर बारावा माणूस मैदानातच राहतो, पाच यार्ड जातात आणि क्वार्टरबॅकला फुकटचा लांब पास टाकता येतो. हडल (डाव ठरवायला घोळका) न करता झपाट्याने खेळणाऱ्या संघासाठी फ्रंट आणि कव्हरेज दोन्ही सांगणारे एकशब्दी आदेश तीन-चार तयार हवेत. हातवाऱ्यांची पर्यायी पद्धतही हवी. हिरवा ठिपकेवाला जखमी होऊन बाहेर गेला, तर दुसरा कोण आणि त्याचं हेल्मेट कुठे ठेवलंय, हे सामन्याआधी ठरलेलं असावं. सरावात त्या दुसऱ्याकडूनही रोज काही प्ले बोलवून घ्यावेत.

आठवडा आणि कामाची वाटणी

रविवारच्या सामन्यानंतर सोमवारी फिल्म, मंगळवारी खेळाडूंना सुट्टी आणि प्रशिक्षकांची आखणी. बुधवारी पहिला-दुसरा डाऊन (10 यार्ड मिळवण्याच्या चार प्रयत्नांतला एकेक), गुरुवारी तिसरा, शुक्रवारी शेवटचे 20 यार्ड आणि दोन मिनिटांचा खेळ. डिफेन्सिव्ह लाईनच्या प्रशिक्षकाकडे धावेची योजना आणि सेकंडरीच्या (कॉर्नर आणि सेफ्टींच्या) प्रशिक्षकाकडे तिसरा डाऊन द्यावा, पण अंतिम कॉल-शीट (कधी कोणता डाव बोलायचा याची यादी) कोऑर्डिनेटरनेच लिहावी. तिच्यावर परिस्थितीनुसार रकाने असावेत: तिसऱ्या डाऊनला 1-2 यार्ड, 3-6 यार्ड, 7 च्या वर, असे. सरावात न घेतलेला कॉल शीटवर ठेवू नये, कितीही आवडता असला तरी.

ब्लिट्झ किती करायचा हे पहिल्या ओळीतल्या चौघांचा रश (क्वार्टरबॅकवरची चढाई) ठरवतो. फेब्रुवारी 2025 च्या सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सवर एकही ब्लिट्झ न करता त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला सहा वेळा सॅक केलं (पास टाकण्याआधीच पाडलं) आणि सामना 40-22 असा जिंकला. तेवढी ताकदीची लाईन हाताशी नसेल तर ही नक्कल महागात पडते. क्वार्टरबॅकला वेळ मिळत राहिला की कुठलंच कव्हरेज टिकत नाही.

सोमवारी प्रत्येक मोठ्या प्लेसमोर (पास 20 यार्डांच्या वर, धाव 10-12 च्या वर) एकच कारण लिहावं: कॉल चुकला, निरोप पोहोचला नाही, तंत्र चुकलं, की समोरचा सरळ सरस होता. निरोपाच्या चुका वारंवार दिसल्या तर यादी लहान करावी, तंत्राच्या दिसल्या तर त्या जागेचा सराव वाढवावा. खेळाडू बदलायचा असेल तर बाय वीक (सामना नसलेला आठवडा) ही चांगली वेळ. 2024 मध्ये ईगल्सने चौथ्या सामन्यात 33 गुण दिले. बायनंतर नवखा कूपर डीजीन स्लॉट कॉर्नर (आतल्या रिसीव्हरवरचा कॉर्नर) म्हणून सुरुवातीपासून खेळू लागला, आणि मोसमाअखेर सर्वांत कमी यार्ड देणारा बचाव त्यांचाच होता. अशा बदलासाठी राखीव खेळाडूला आधीच्या आठवड्यांत पहिल्या तुकडीबरोबर थोडे तरी स्नॅप द्यावे लागतात, म्हणून ते शिबिरापासूनच वेळापत्रकात लिहून ठेवावेत.