शुगर आहे? मग डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढून घ्या, तो असा

चष्म्याचा नंबर बघितला म्हणजे डोळे तपासून झाले असं आमच्या आईलाही वाटायचं. शुगरने बिघडतो तो आतला पडदा, आणि तो बराच खराब होईपर्यंत ना दुखत ना लाल होत, दिसतंही व्यवस्थित, मग कोण कशाला जातंय डॉक्टरकडे. म्हणून हे कॅम्प. फोटो आपल्या गल्लीत काढतात आणि बघणारा डॉक्टर बसलेला असतो भलतीकडेच, काही ठिकाणी आधी एआय बघतं. मुंबईत महापालिकेच्या दवाखान्यांमध्ये मोबाईलवरचा कॅमेरा आणि नेटशिवाय चालणारं एआय वापरून बघितलं होतं, २०१९ मध्ये तो अभ्यास छापूनही आलाय.

टाईप २ असेल तर शुगर निघाली की लगेच पहिला फोटो, मग वर्षातून एकदा. टाईप १ ला साधारण पाच वर्षांनी सुरू करतात. आधीपासून शुगर आहे आणि दिवस गेलेत, तर पहिल्या तीन महिन्यांतच.

जाताना उपाशी जाऊ नका (प्रत्येक कॅम्पला दोन-तीन काका चहासुद्धा न घेता येतात, ही रक्ततपासणी नाहीये हो), गोळ्या-इन्सुलिन नेहमीसारखं घ्या, औषधांची चिठ्ठी, तीन महिन्यांच्या शुगरचा रिपोर्ट आणि जुना डोळ्याचा कागद असेल तर तो सोबत ठेवा. बऱ्याचदा थेंब न टाकताच फोटो निघतो पण बाहुली लहान असली तर टाकतात, मग काही तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, तर गॉगल न्या, कोणीतरी सोबत न्या आणि स्कूटर घरीच ठेवा. काचबिंदू असेल तर थेंब टाकायच्या आधीच सांगायचं.

फोटोच्या वेळी लाईट बंद करतात. हनुवटी स्टँडवर, कपाळ पट्टीला टेकवून, ठिपक्याकडे बघत राहायचं आणि फ्लॅशच्या आधी दोन-तीनदा डोळे मिचकावून घ्यायचे. फ्लॅश पडला की बाहुली आकसते, त्यामुळे दुसऱ्या फोटोआधी थोडं थांबायला सांगा, घाई केली की काळपट येतो. आणि स्क्रीन दाखवा म्हणा, लाजू नका. नारिंगी गोल दिसतो, त्यात रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या स्पष्ट दिसल्या पाहिजेत, पांढुरकं धुकं असेल तर परत काढायला लावा.

आता आमची चूक सांगते. आईच्या उजव्या डोळ्याच्या फोटोवर 'अनग्रेडेबल' लिहून आलं, आम्ही समजलो काही सापडलं नाही, कागद औषधाच्या पिशवीत चार महिने तसाच. त्याचा अर्थ फोटो वाचताच आला नाही! मोतीबिंदू होता, त्यामागचं काही दिसतच नव्हतं. तर 'रेफर' असो की 'अनग्रेडेबल', दोन्हीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंच, आणि किती दिवसांत जायचं ते कॅम्पमध्येच विचारून कागदावर लिहून घ्या. लेझर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन लागलं तरी घाबरून पळू नका, असलेली नजर टिकवायला ते असतं. 'नॉर्मल' आलं तर पुढच्या वर्षीची तारीख मोबाईलमध्ये टाका, पण ते फक्त शुगरच्या पडद्यापुरतं, काचबिंदूची तपासणी वेगळी.

आणि अचानक काळे ठिपके तरंगायला लागले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा पडदा ओढल्यासारखं दिसलं तर कॅम्पची वाट बघायची नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या हॉस्पिटलला.