स्वित्झर्लंडचा पर्यटक व्हिसा: अर्जाआधी रात्री मोजा

पर्यटकाला स्वित्झर्लंडचा म्हणून जो व्हिसा मिळतो, तो असतो शेंगेन व्हिसा, टाइप सी. शेंगेन म्हणजे आपसात सीमा-तपासणी नसलेला युरोपातल्या २९ देशांचा गट; हा व्हिसा त्या सगळ्यांत चालतो. लिश्टेनस्टाइन त्यात आहे; इंग्लंड आणि आयर्लंड नाहीत. कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं.

फॉर्म उघडण्याआधी एका कागदावर कोणत्या देशात किती रात्री मुक्काम, ते लिहा. ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्याच्याकडे अर्ज. समजा पॅरिस ३, ल्यूसर्न आणि इंटरलाकेन मिळून ५, रोम ३, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. मुक्काम सारखाच असेल, तर ज्या देशातून शेंगेनमध्ये पहिलं पाऊल टाकणार त्याच्याकडे. दुसऱ्या देशाची अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून स्वित्झर्लंडच्या रात्री खोट्या वाढवून अर्ज करण्याचा सल्ला मिळाला, तर ऐकू नका. सीमेवर हॉटेलची बुकिंग मागितली की बनाव उघडा पडतो आणि व्हिसा रद्दही होऊ शकतो. मध्येच लंडनला जाऊन परत युरोपात यायचं असेल, तर मल्टिपल एंट्री मागायला विसरू नका.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, ते ४५ पर्यंत लांबू शकतात. मे महिन्याची सुट्टी असेल तर फेब्रुवारीतच कागद जमवा, कारण अपॉइंटमेंटची रांग वेगळीच असते.

पासपोर्ट तपासा. तो गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, अलीकडचा, फिक्या पार्श्वभूमीवरचा.

व्हिसा शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही. अर्ज जिथे देता त्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. अर्ज नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत. अर्जाच्या वेळी एकदा दिलेले बोटांचे ठसे ५९ महिने वापरता येतात, म्हणून जुना शेंगेन व्हिसा असेल तर त्याची प्रत जोडा. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

अर्ज बहुतेक वेळा अडतो तो पैशांच्या कागदांवर. स्वित्झर्लंडचा ढोबळ हिशेब माणशी दिवसाला १०० फ्रँक. चौघांचे ८ दिवस म्हणजे ३,२०० फ्रँक, आणि तेवढे खात्यात दिसायला हवेत. किमान ३ महिन्यांचं बँक स्टेटमेंट लागतं, त्यावर बँकेचा शिक्का आणि सही असलेली बरी. अर्जाच्या आठवडाभर आधी काकांनी पाच लाख टाकले की खातं ‘भरलेलं’ दिसतं, पण अधिकाऱ्याच्या नजरेत ते उसनं असतं. घर विकून किंवा एफडी मोडून रक्कम आली असेल, तर तो कागद सोबत लावा.

नोकरदारांनी सॅलरी स्लिप, आयकर विवरणपत्र आणि रजेचं पत्र द्यावं. पत्रात हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, मंजूर रजा आणि परत कामावर येण्याचा दिवस असू द्या. दुकानदारांनी शॉप ॲक्ट किंवा जीएसटी प्रमाणपत्र जोडावं. शेतकऱ्याचं उत्पन्न सातबाऱ्यावर आणि बाजार समितीच्या पट्ट्यांवर दिसतं. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या. अल्पवयीन मूल एकाच पालकासोबत निघालं असेल, तर दुसऱ्याचं संमतीपत्र आणि जन्मदाखला लागतो.

नावांकडे विशेष लक्ष द्या. पासपोर्टवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. लग्नाचं प्रमाणपत्र जोडलं की प्रश्न मिटतो. तिकिटावर मात्र पासपोर्टसारखंच नाव हवं, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या मधल्या नावासकट.

विम्यात उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च मिळून किमान ३०,००० युरोंचं संरक्षण हवं, तेही सगळ्या शेंगेन देशांत आणि तिथल्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत. विमानाचं आरक्षण पुरतं; व्हिसा येण्याआधी परतावा न मिळणारं तिकीट काढू नका.

पासपोर्ट हातात आला की घरी जाण्याआधी स्टिकर वाचा. समजा ‘फ्रॉम ०४-०५’, ‘अंटिल ३०-०५’ आणि ‘ड्युरेशन ऑफ स्टे १२’ असं लिहिलंय. याचा अर्थ त्या तारखांच्या आत कोणतेही १२ दिवस, पूर्ण २७ नव्हेत. पोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. ‘एंट्रीज’पुढे ०१ असेल, तर एकदा बाहेर पडलात की संपलं.

नकार आला तर फॉर्मवर कारणावर खूण असते. ३० दिवसांत बर्नच्या स्थलांतर कार्यालयाकडे हरकत घेता येते, पण कागदच कमी पडला असेल तर तो जोडून नवा अर्ज करणं सहसा सोपं.

सीमेवर १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी नोंद पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांची नोंद होते. मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे झुरिचला गेलात तर हे सगळं फ्रँकफर्टलाच होतं, म्हणून दीड तासाचं कनेक्शन घेऊ नका. हॉटेल, परतीचं तिकीट आणि विमा छापील ठेवा. व्हिसा असूनही अधिकारी विचारू शकतो.

आणि बॅगेतला खाऊ: बाकरवडी चालते. पेढे, तूप, पनीर आणि कोणतंही मांस घरीच राहू द्या. युरोपबाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे, आणि कस्टम्सवाले ते काढून घेतात.