टॅग चिकटवायला निघण्याआधी

हॉस्पिटलच्या मशीनांवर रेडिओ टॅग (आरएफआयडी) चिकटवायचे, म्हणजे कोणतं मशीन कुठं आहे ते हातातल्या रीडरनं वाचून कळतं. तो रीडर चार्ज करा, हे सांगायला नको. बॅटऱ्या मात्र दोन घ्या. लातूरच्या मे महिन्यात दुपारच्या लाइटच्या भरवशावर राहू नका.

धातूच्या मशीनांसाठी टॅग मागवताना ‘धातूवर चालणारे’ असं लिहूनच द्या. या टॅगला बॅटरी नसते, रीडरच्या लहरींवर तो जागा होतो. साधा टॅग सक्शन मशीनच्या पत्र्यावर लावला की मुका. जाडसर धातूवाला महाग पडतो, म्हणून प्लास्टिकच्या वस्तूंना साधाच लावा. पाणी लहरी शोषतं, सलाइनच्या बाटल्यांआड नको. रीडर भारतातल्या 865 ते 868 मेगाहर्ट्झचाच हवा. परदेशातून स्वस्तात आणलेला नको.

आता नीट ऐका. टॅग चिकटवला की तिथंच स्कॅन, आणि तिथंच मशीनच्या सीरियल नंबरपुढे नोंद. संध्याकाळी नाही, तिथंच. टॅगमध्ये मशीनचं नाव नसतं, 24 आकडी-अक्षरी क्रमांक असतो फक्त. आम्ही म्हटलं, आधी सगळे चिकटवून घेऊ, डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे मशीनांच्या नोंदीची वही, नंतर बघू. दुसऱ्या दिवशी रीडर वॉर्डावॉर्डात पीं पीं करतोय आणि कोणती पीं कोणत्या पंपाची, हे कुणालाच सांगता येईना. हरवलेला सिरिंज पंप (थेंबाथेंबानं औषध देणारा) शेवटी मावशींनी चादरींच्या कपाटातून काढून दिला, रीडरशिवाय. सगळे टॅग पुन्हा एकेक करून वाचावे लागले. म्हणून दोन माणसं लागतात: एक चिकटवणार, एक लिहिणार. लिहिणारा चहाला गेला तर चिकटवणाऱ्यानं हात बांधून उभं राहायचं.

आयसीयूत इन्चार्ज सिस्टरला आणि मशीन सांभाळणाऱ्या बायोमेडिकलवाल्यांना विचारल्याशिवाय रीडर चालू करू नका. ॲमस्टरडॅममध्ये झालेल्या 123 चाचण्यांचा अहवाल 2008 मध्ये आला, त्यांत रेडिओ टॅगच्या यंत्रणेमुळे 34 वेळा उपकरणांत बिघाड दिसला. त्यातले 22 धोकादायक. तिथं रुग्ण जोडलेले नव्हते. तुमच्याकडे असतील. चालू व्हेंटिलेटर किंवा पंपाला रीडर टेकवून वाचायचं नाही.

चिकटवण्याआधी जागा स्पिरिटनं पुसा, वाळू द्या. स्क्रीन, झडप, हवेची जाळी सोडून लावा. ऑटोक्लेव्हात (वाफेनं निर्जंतुक करायला) जाणाऱ्या वस्तूला साधा टॅग नको.

मोजणीच्या दिवशी रीडरची पॉवर कमी ठेवा, नाहीतर भिंतीपलीकडचं मशीन याच वॉर्डात मोजलं जातं. शोधताना वाढवा. दुरुस्तीला गेलेली मशीन वेगळी लिहा. टॅग निघाला, नवा लावला? नवी नोंद. तिथंच.